राऊळ : घर राजाचे, नाव देवाचे

संतकाव्याच्या तासाला 'राऊळ' हा शब्द आला की पाठ्यपुस्तकाच्या शब्दार्थात त्याच्यापुढे एकच शब्द असतो : 'देऊळ'. विद्यार्थी तो लिहून घेतात, परीक्षेत तसाच उतरवतात आणि त्यांना गुणही मिळतात. हा अर्थ चुकीचा मुळीच नाही, पण तो शब्दाच्या प्रवासातला शेवटचा मुक्काम आहे. हा प्रवास सुरू झाला तो देवाच्या दारातून नव्हे, तर राजाच्या दारातून. राऊळ म्हणजे मुळात राजाचे घर. राजाच्या घराचे नाव देवाच्या घराला कसे मिळाले, ते मिळताना त्याच्याबरोबर आणखी काय काय गेले आणि मग राजाच्या घराला मराठीने कोणती नावे दिली, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. आमच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक अगत्य आहे. या शब्दाच्या मूळ अर्थाचा दगडात कोरलेला एक जुना पुरावा आमच्या खानदेशात, जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात सापडलेला आहे.

खानदेशात शब्दांच्या मुळाचा विषय निघाला की धुळ्याचे स्मरण होणे अपरिहार्य असते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले आणि लगेच, १९२७च्या जानेवारीत, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. राजवाड्यांनी जमवलेली कागदपत्रे आणि टिपणे या मंडळाने सांभाळली. त्यांचे धातुकोशाचे आणि व्युत्पत्तिकोशाचे काम त्यांच्या पश्चात छापून आणले. शब्द हेही इतिहासाचे साधनच आहे, कागद जिथे गप्प बसतो तिथे गावाचे नाव, आडनाव आणि साधे बोलीतले रूपही साक्ष देते, ही दृष्टी राजवाड्यांनी मराठी अभ्यासकांना दिली. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती पुढे टिकल्या असे नाही, पण ती दृष्टी टिकली. 'राऊळ' हा शब्द त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

प्रथम रूप पाहू. 'राजकुल' या संस्कृत शब्दापासून 'राऊळ' आला. प्राकृतात दोन स्वरांमधले ज आणि क लोपतात. म्हणून राजकुलाचे 'राअउल', मग 'राउल' आणि मराठीत 'राउळ', 'राऊळ'. अगदी याच वाटेने 'देवकुला'चे 'देऊळ' झाले. म्हणजे देऊळ आणि राऊळ हे सख्खे भाऊ; एकाचा पूर्वार्ध देव, दुसऱ्याचा राजा, उत्तरार्ध दोघांचा एकच. 'कुल' म्हणजे केवळ वंश नव्हे. वंश जिथे नांदतो ते घर, हाही त्याचा अर्थ आहे. गुरुकुल म्हणजे गुरूचा वंश असे आपण म्हणत नाही, गुरूचे घर असेच म्हणतो. बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त राजकुल म्हणजे राजाचा संपूर्ण निवासपरिसर. बाहेर छावणी, मग राजद्वार, मग एकामागून एक चौक आणि सर्वांत आत धवलगृह, अशी त्याची रचना वासुदेवशरण अग्रवाल यांनी उलगडून दाखवली आहे. या धवलगृहाचा वंशजही जुन्या मराठीत 'धवळार' या रूपाने नांदत होता. चुन्याने पांढरेशुभ्र केलेले थोरांचे घर ते धवळार. आज तो शब्द कोशात उरला आहे. राऊळ मात्र ओठांवर आहे, कारण त्याला दुसरा धनी मिळाला.

आता चाळीसगावकडे वळू. तालुक्याच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. आज ते पाटणादेवीमुळे ओळखले जाते. बाराव्या-तेराव्या शतकांत येथे निकुंभ घराण्याचे सामंत देवगिरीच्या यादवांच्या वतीने कारभार पाहत. 'सिद्धान्तशिरोमणि'कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव सम्राट सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणे येथे एक मठ स्थापला. त्या मठाला निकुंभ सोइदेवाने दिलेल्या दानाचा लेख शके ११२८चा आहे. इसवी सनाच्या हिशेबाने १२०७ सालचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले आणि शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या संग्रहामुळे तो मराठीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. लेखाचा बराचसा भाग संस्कृत पद्यात आहे. वंशावळी, स्तुती, विद्वत्तेचे वर्णन हे सारे त्या भारदस्त भाषेत. परंतु मठाला प्रत्यक्ष काय मिळणार, कोणाकडून आणि किती, हा व्यवहार सांगायची वेळ येते तेव्हा लेख मराठीत बोलू लागतो. बाजारातल्या मालावरचा कर, घाण्यामागे पळीपळी तेल, असा तो रोकडा हिशेब आहे. ज्यांनी द्यायचे त्यांना कळेल अशा भाषेत तो कोरला आहे.

या मराठी भागातच 'राउला' हे रूप येते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई त्यावर ग्राहकाकडून राउळाला जो कर मिळत असे, तो आता 'मढा'ला म्हणजे मठाला दिला आहे, असा त्या वाक्याचा आशय आहे. येथे राऊळ म्हणजे देऊळ असा अर्थ लावून पाहा. वाक्य उभेच राहणार नाही. येथले राऊळ ही राजसत्ता आहे. कर वसूल करणारी आणि त्यावरचा हक्क सोडून देण्याचा अधिकार असलेली ती सत्ता आहे. राजाच्या घराचे नाव सरकारचे नाव झाले आहे. आपण आजही 'मंत्रालयाने ठरवले', 'दिल्लीला मान्य नाही' असे बोलतो, तेव्हा इमारतीला किंवा शहराला अधिकाराचा अर्थ देत असतो. भाषेची ही खोड जगभरची आहे. प्राचीन इजिप्तच्या राजाला आपण 'फेरो' म्हणतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'मोठे घर' एवढाच. आधी ते राजवाड्याचे नाव होते, पुढे ते आत राहणाऱ्या माणसाचे झाले.

मराठीतही नेमके हेच झाले. राजाच्या घराचे नाव माणसाला चिकटले आणि ते आदराची पदवी बनले. महानुभाव परंपरेतील चांगदेव राऊळ आणि गुंडम राऊळ ही नावे साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असतात. (हे चांगदेव राऊळ वेगळे आणि पाटणच्या मठाचे चांगदेव वेगळे, हे परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावे.) ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचा उल्लेख त्यांचे भक्त नुसता 'राउळ' असाही करीत. घरदार नसलेल्या, गावभर फिरणाऱ्या एका अवलियाला लोकांनी राजगृहाचे नाव द्यावे, यात सत्तेविषयीची त्या काळातल्या सामान्यांची समज दडली आहे. उत्तरेकडे हाच शब्द रावळ, रावल या रूपांत राजांची पदवी झाला : मेवाडचा बाप्पा रावळ, डुंगरपूरचे महारावळ. आमच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाचे रावल घराणे प्रसिद्ध आहे आणि कोकणात राऊळ हे आडनाव आढळते. एका 'राजकुला'ची ही पांगलेली लेकरे आहेत.

मग राऊळ देवाचे झाले कसे? याचे एक सोपे उत्तर दिले जाते. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, १३१८ मध्ये यादवांची सत्ता संपली, मराठी बोलणारा राजा उरला नाही. तेव्हा रिकामे पडलेले त्याच्या घराचे नाव लोकांनी देवाला दिले, असे हे उत्तर आहे. ते आकर्षक आहे, पण आम्हाला ते अपुरे वाटते. राजाच्या आणि देवाच्या घरांच्या नावांची ही देवघेव यादवांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली आहे. मथुरेजवळच्या माट येथे कुषाण सम्राटांचे पुतळे सापडले. त्या स्थळाला तेथील लेखात 'देवकुल' म्हटले आहे. भासाच्या 'प्रतिमानाटका'त आजोळाहून परतणारा भरत वाटेत एका वास्तूत शिरतो. त्याला ते मंदिर वाटते, आतल्या मूर्ती देवांच्या वाटतात आणि तो नमस्कारासाठी हात जोडू पाहतो; तेव्हा तिथला 'देवकुलिक' त्याला सांगतो की या दिवंगत राजांच्या प्रतिमा आहेत. त्यांत आपल्या वडिलांचीही प्रतिमा आहे, हे भरताला तिथेच कळते. आपल्या नाणेघाटातल्या लेण्यातही सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पायांचे अवशेष उरले आहेत. म्हणजे देवाच्या घरात राजे होते, तसेच राजाच्या घरात देव होते.

इतर शब्दही हीच साक्ष देतात. 'प्रासाद' हा शब्द काव्यात राजवाड्यासाठी येतो, तर शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत देवालयासाठी. 'मंदिर' म्हणजे मुळात नुसते घर, राहण्याची जागा. 'राजमंदिर' या जोडशब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे आणि 'विद्यामंदिर' म्हणतानाही आपण नकळत त्याच जुन्या अर्थाकडे जातो. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते जिथे जतन केली त्या संस्थेचे नाव 'समर्थ वाग्देवता मंदिर' आहे. तिथले दैवत म्हणजे पोथ्या.

तेव्हा यादवांच्या पाडावाने राऊळ देवाला मिळवून दिले, असे म्हणण्यापेक्षा त्याने शब्दाचा एक धनी काढून घेतला आणि दुसरा, जो आधीपासून दारात उभा होता, तो एकटाच मालक राहिला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. हा दुसरा धनी राजाच्याच थाटात राहत होता. देवाला पहाटे काकड्याने उठवायचे, स्नान घालायचे, पोशाख चढवायचा, नैवेद्य दाखवायचा, रात्री शेजारती करून निजवायचे. वर छत्र, बाजूला चवऱ्या. या सेवेला आपण 'राजोपचार' म्हणतो, ते शब्दशः खरे आहे. पंढरपूरला तर विठ्ठलाला लोक राजा म्हणूनच ओळखतात. 'पंढरीचा राणा' हे त्याचे नाव घरोघर आहे. त्या मंदिरातल्या, चौऱ्यांशीचा लेख म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिलालेखात शके ११९५ ते ११९९ या काळातल्या देणगीदारांची नोंद आहे आणि त्यांत खुद्द रामदेवराव यादवही आहे. राजा आपल्याहून मोठ्या राजाच्या राउळात देणगीदार म्हणून उभा आहे. सामान्य भक्ताच्या दृष्टीने पाहिले तर खरा सार्वभौम कोण, याचा निकाल या एका शब्दाने लागून गेला होता.

इथपर्यंतची कथा संतसाहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. पण राजाचे घर देवाला देताना त्या घराबरोबर दारही दिले गेले. राजकुल म्हणजे एकामागून एक चौक आणि प्रत्येक चौकाला द्वारपाल. कोणी कुठपर्यंत यायचे, हे ठरवणे हाच राजकुलाच्या रचनेचा गाभा होता. हा गाभा राउळातही तसाच राहिला. चोखामेळा हा त्याचा सर्वांत ठळक साक्षीदार आहे. ज्याच्या नावाचा तो अखंड घोष करीत होता त्या देवाच्या घरात त्याला पाऊल ठेवता आले नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना, कूस कोसळून, तो मरण पावला असे परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, म्हणजे बाहेर आहे. 'राऊळ म्हणजे देऊळ' एवढाच अर्थ सांगून पुढे जाणाऱ्या शिक्षकाच्या हातून नेमके हे दार निसटते. चोखोबांच्या तोंडी राऊळ हा शब्द येतो तेव्हा त्यात देवाचे घर असते आणि अडवणारा राजदरवाजाही असतो.

राऊळ देवाकडे गेल्यावर राजाच्या घराला दुसऱ्या नावाची गरज पडली. खानदेशात ते नाव तापीकाठी आले. १३८२ ते १६०१ या काळात येथे फारुकी सुलतानांचे राज्य होते. आधी धुळे जिल्ह्यातले थाळनेर, पुढे बुऱ्हाणपूर ही त्यांची ठाणी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. या दोन राजवटींचा दरबारी व्यवहार फारसीत चाले. 'महाल' हा शब्द मराठीत रुजला तो अशा दरबारी सहवासातून. अरबीत त्याच्या मुळाशी 'उतरणे, मुक्काम करणे' ही क्रिया आहे. महल म्हणजे उतरण्याची जागा. त्याच धातूपासून 'मोहल्ला' हा शब्द झाला. एक राजाचे निवासस्थान, दुसरी साध्या माणसांची वस्ती. मूळ मात्र एक. मराठीने या शब्दाला आणखी कामाला लावले. शिवकालीन राजगृहाच्या व्यवस्थेत अठरा कारखाने आणि बारा महाल असत. पागा, कोठी, टंकसाळ ही त्या महालांपैकी काही खाती. मोगल महसुलात महाल हा वसुलीचा विभाग होता आणि पुढे इंग्रजी अमलातही लहान तालुक्याला महाल व त्याच्या अधिकाऱ्याला महालकरी म्हणत. घराच्या नावाचा अर्थ पुन्हा एकदा कर वसूल करणाऱ्या सत्तेकडे गेला. पाटणच्या लेखातल्या राउळाचेही तेच झाले होते.

आज मराठीत राजाच्या घरासाठी सर्वांत रूढ शब्द आहे तो 'राजवाडा'. साताऱ्याचा राजवाडा, कोल्हापूरचा जुना आणि नवा राजवाडा, इंदूरला होळकरांचा राजवाडा. पुण्यात १७३० मध्ये पाया घातलेली पेशव्यांची वास्तू मात्र 'शनिवारवाडा' आहे. वाड्याला 'राज' हे पूर्वपद लागले की नाही, यात छत्रपती आणि पंतप्रधान यांमधले अंतर वाचता येते. पण आम्हाला येथे अधिक महत्त्वाचे वाटते ते उत्तरपद.

'वाडा' हा संस्कृत 'वाट' शब्दापासून आला. वाट म्हणजे येथे रस्ता नव्हे. कुंपण, आणि कुंपण घालून राखलेली जागा. वेढणे, आवरणे या अर्थाच्या 'वृ' धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. या शब्दात मुळात भिंती नाहीत, माड्या नाहीत, तुळया-खांब नाहीत. आहे ते फक्त कुंपण. म्हणून गुरे बांधायची जागा हाही वाडा, मेंढ्या बसवायचा तो मेंढवाडा आणि चुकार जनावरे अडकवून ठेवायचा तो कोंडवाडा. 'वाटिका' म्हणजे कुंपण घातलेली बाग. तिची 'वाडी' झाली. युरोपात 'कोर्ट' या शब्दाचा इतिहासही असाच आहे. लॅटिनमधले त्याचे मूळ म्हणजे कुंपणाने बंदिस्त केलेले आवार. त्यातून राजाचा दरबार आणि दरबारातून न्यायालय असा अर्थ वाढत गेला. कोर्टाची पायरी चढताना कोणाला ते आवार आठवत नाही आणि राजवाडा म्हणताना कोणाला कोंडवाडा आठवत नाही.

कुंपणाच्या या अर्थातून वाड्याचा तिसरा अर्थ निघतो, तो वस्तीचा. कुंभारवाडा, तांबटवाडा, ब्राह्मणवाडा, महारवाडा, मांगवाडा. एका जातीच्या माणसांना एका कुंपणात बसवून गावाने त्यांना नाव दिले. कोणाच्या कुंपणाचा उपयोग बाहेरच्यांना आत येऊ न देण्यासाठी होता, तर कोणाच्या कुंपणाचा आतल्यांना बाहेर पडू न देण्यासाठी. शब्द दोन्हींकडे वाडाच. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल-पावरांच्या वस्तीला 'पाडा' म्हणतात. त्याचे मूळ निराळे, गावाचा भाग या अर्थाच्या 'पाटक' शब्दात आहे. त्यातही वस्ती तोडून वेगळी दाखवण्याची सोय आहेच.

आणि येथे आपल्या शब्दाला एक अनपेक्षित वळण मिळते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अनेक गावांत 'राजवाडा कुठे आहे?' असे विचारले तर माणूस तुम्हाला गावाच्या टोकाला असलेल्या दलित वस्तीकडे बोट दाखवील. त्या गावांत राजा कधी राहिला नव्हता, पण वस्तीचे नाव राजवाडा आहे. 'महार' हा जातिवाचक शब्द जाऊन त्या जागी 'राज' आला. 'वाडा' मात्र तसाच राहिला, कारण कुंपण तसेच होते. चोखोबांच्या काळी राजाच्या घराचे नाव देवाने घेतले होते, इथे ते गावकुसाबाहेरच्या माणसांच्या वस्तीला लागले. शब्दकोशात 'राजवाडा' या नोंदीखाली हा अर्थही असायला हवा असे आम्हाला वाटते. जातींची नावे असलेल्या वस्त्या आणि रस्ते यांना समतानगर, भीमनगर, शाहूनगर यांसारखी नवी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही नावे पाटीवरून पुसली गेली तर त्यात खंत करण्यासारखे काही नाही. मात्र पाटी बदलल्याने कुंपण निघतेच असे नाही, हे राऊळ शब्दाच्या सातशे-आठशे वर्षांच्या इतिहासाने शिकवून ठेवले आहे.

धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांना राजवाडा नाही. मराठेशाही संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे म्हणून निवडले. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे बनले. दोन्ही शहरे वाढली ती कचेऱ्या, कापूस आणि रेल्वे यांच्या आधाराने. धुळ्यात 'राजवाडे' म्हटले की लोकांना आठवतो तो राजप्रासाद नव्हे, तर गावोगावच्या वाड्यांमधून, माळ्यांवरून, अडगळीतून कागद गोळा करीत हिंडलेला एक फिरस्ता संशोधक. राजांच्या घरांतले कागद सर्वसामान्य वाचकासमोर ठेवायचे, हे त्याने आयुष्याचे काम मानले. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला तेव्हा कित्येक वाड्यांची दारे प्रथमच वाचकांसाठी उघडली.

दुसरे दार उघडले ते आमच्या अमळनेरमुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयाचे कामही ते पाहत. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. त्या उपोषणाच्या अखेरीस मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी राउळाच्या दारातला राजद्वारपाल बाजूला झाला. स्वातंत्र्याला तेव्हा तीनच महिने उरले होते. देशातल्या राजांची राज्ये विलीन होण्याच्या बेतात होती. देवाच्या घरातले राजेपण त्यांच्याही थोडे आधी सैल झाले.

म्हणून वर्गात 'राऊळ' शिकवताना आम्ही हल्ली फळ्यावर तीन गोष्टी लिहितो. पहिली, 'राजकुल'. दुसरी, पाटणे, १२०७. तिसरी, पंढरपूर, १९४७. पहिल्या नोंदीत शब्दाचे मूळ आहे. दुसऱ्या नोंदीतले राऊळ आपल्या वाट्याचा कर सोडून एका विद्यापीठसदृश मठाला देते. भास्कराचार्यांचे गणित शिकवले जावे म्हणून बाजारातल्या ग्राहकाकडून येणारा पैसा राजाच्या घरी जायचा थांबतो. तिसऱ्या नोंदीत एक शिक्षक उपाशी राहून त्याच शब्दाचे दार उघडतो. परीक्षेत 'राऊळ म्हणजे देऊळ' एवढेच लिहिले तरी गुण मिळतील, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते आणि ते तेवढेच लिहितात. पण चोखोबांचा अभंग वाचताना त्यांच्यापैकी एखादा 'राऊळ' या शब्दापाशी थांबतो आणि विचारतो की मग सर, आत कोण होते? त्या प्रश्नाचे उत्तर शब्दार्थाच्या यादीत नसते. ते देण्यासाठी तास पुरत नाही, आणि तो पुरू नये असेच आम्हाला वाटते.